काठी काढली की बॉल पुन्हा उजवीकडे

शनिवारी सकाळी गोल्फच्या रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, मी दहापैकी आठ बॉल सरळ मारायचो. पायाशी दिशा बघायच्या दोन काठ्या, काखेत टॉवेल, बॉलच्या पलीकडे हेड कव्हर (क्लबच्या, म्हणजे बॉल मारायच्या दांड्याच्या, डोक्यावर घालायची मऊ टोपी), असा सगळा देव्हारा मांडलेला. शेजारच्या मॅटवरचे काका क्लब टेकवून बघत राहायचे, आणि ते बघतायत हे मला बरोबर कळायचं. रविवारी खारघरच्या कोर्सवर पहिल्या टीला, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात तिथे, उभा राहिलो की देव्हारा बॅगेत. ड्रायव्हर (सगळ्यात लांब क्लब) फिरायचा, बॉल जरासा डावीकडून निघायचा, मन म्हणायचं गेला, मस्त गेला, आणि घरी गॅस चालू राहिल्याचं आठवावं तसा तो वाटेत एकदम उजवीकडे वळायचा आणि गवतात गडप.

हे सात महिने चाललं. तेवढ्यात मी जवळजवळ चौदा हजारांची सरावाची साधनं घेतली. त्यातलं एक सीलिंग फॅनच्या पात्याला लागलं, त्यावरून घरात जे झालं ते पुढे येईल. सांगायचं एवढंच, की स्लाइस, म्हणजे हा उजवीकडे वळणारा फटका, कमी झाला तो साधनं वाढवून नाही झाला. आधी दोष नेमका कुठला ते शोधलं, त्या दोषापुरतं एकच साधन ठेवलं आणि तेही कधी काढायचं ते शिकलो. तुमचीही तक्रार हीच असेल, म्हणजे साधन आहे तोवर सरळ आणि काढलं की ये रे माझ्या मागल्या, तर पुढचं वाचा. सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिलंय. डावखुऱ्यांनी दिशा उलट्या धराव्यात.

आधी कुठला स्लाइस ते ठरवा

बॉल आणि क्लब एकमेकांना भेटतात ते सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरते. तेवढ्यात दोन प्रश्नांचा निकाल लागतो: बॉल कुठल्या दिशेने निघणार आणि हवेत कुठे वळणार. मला पहिल्या शिक्षकाने शिकवलं होतं की बॉल क्लबच्या वाटेने, म्हणजे क्लब ज्या दिशेने फिरत येतो तिकडे, निघतो आणि फेस (क्लबचा बॉलला लागणारा पृष्ठभाग) ज्या दिशेला असेल तिकडे वळतो. वर्षानुवर्षं असंच शिकवलं जायचं. रडारवाली यंत्रं आल्यावर कळलं की बॉल निघतो तो मुख्यतः फेसच्या दिशेने. ड्रायव्हरच्या बाबतीत जवळपास ८५ टक्के वाटा फेसचा, आयर्नमध्ये (मधल्या पल्ल्याच्या क्लबमध्ये) ७५च्या आसपास. आणि वळतो तो फेस आणि क्लबची वाट यांच्यात जो फरक पडतो त्यामुळे. फेस वाटेपेक्षा उजवीकडे उघडा राहिला की बॉल उजवीकडे वळणार.

म्हणून शेवटी बॉल कुठे पडला याकडे बघू नका. पहिल्या वीस-पंचवीस यार्डांत तो कुठे होता ते बघा. डावीकडून निघून उजवीकडे वळत असेल, तर क्लब बाहेरून आत येतोय आणि फेस लक्ष्याच्या डावीकडेच आहे, फक्त वाट त्याहून जास्त डावीकडे आहे. इथे ग्रिपपेक्षा (क्लब धरायच्या पकडीपेक्षा) वाट सुधारायला हवी. उजवीकडूनच निघून आणखी उजवीकडे जात असेल तर फेस सरळसरळ उघडा आहे, आणि वाटेच्या काठ्या लावून उपयोग शून्य. ग्रिप आणि मनगटांकडे जा. सरळ निघून वळणारा बॉल या दोघांच्या मधला, तिथे दोन्ही थोडं थोडं बघावं लागतं.

वेज (जवळच्या फटक्यांचा आखूड क्लब) सरळ आणि ड्रायव्हर वाकडा असं असेल तर स्विंग, म्हणजे क्लब फिरवायची पद्धत, दोन आहेत असं समजू नका. स्विंग एकच, दोषही एकच. वेजच्या लॉफ्टमुळे, म्हणजे फेस मागे झुकलेला असतो त्या कोनामुळे, बॉलला उलटी फिरकी इतकी मिळते की बाजूची फिरकी तिच्यात झाकली जाते. ड्रायव्हरचा लॉफ्ट दहा-साडेदहा अंश, तो काही झाकत नाही.

कॅरमची पावडर

आता माझं सगळ्यात लाडकं साधन. किंमत काही नाही, कारण ते घरातल्या कॅरम बोर्डाच्या पिशवीत होतं.

ओलसर बोटाने ड्रायव्हरच्या फेसवर कॅरमची पावडर पातळ लावा. भिंतीला चुना देतात तशी जाड नको, काचेवर श्वास सोडल्यावर जशी धूसर होते तेवढीच. मग एक बॉल मारा. फेसवर गोल डाग पडतो, आत बॉलच्या खळग्यांचे बारीक ठिपकेसुद्धा दिसतात. तो डाग मध्यावर आहे का? माझा नव्हता. शाफ्टच्या (दांड्याच्या) बाजूला, म्हणजे हीलकडे, मध्यापासून जवळजवळ दोन बोटं सरकलेला. पाच बॉल मारले, पाचही डाग एकाच जागी एकमेकांवर, पोस्टातल्या शिक्क्यांसारखे.

याचा अर्थ मोठा आहे. ड्रायव्हरचं डोकं जाड असतं आणि त्याचा गुरुत्वमध्य फेसच्या बराच मागे असतो. हीलला बॉल लागला की डोकं एकीकडे फिरतं आणि एकमेकांत अडकलेल्या दोन दातेरी चाकांसारखा बॉल उलटा फिरतो. ही फिरकी स्लाइसची. म्हणजे वाट आणि फेस दोन्ही ठीकठाक असूनही, फक्त हीलला लागल्याने बॉल उजवीकडे जाऊ शकतो. सात महिने मी वाटेवर काम करत होतो, आणि अर्धा स्लाइस हीलमधून येत होता.

बाहेरून आत येणारा क्लब खाली येताना बॉलच्या दिशेने पुढे सरकतो, त्यामुळे हील बॉलवर येते. बॉलच्या फार जवळ उभे राहिलात तरी तेच. मी अर्धं पाऊल मागे सरकलो आणि त्याच दिवशी डाग एक बोट आत आला. एवढ्यासाठी चौदा हजार!

पावसाळ्यात हे चालत नाही. बॉल ओले, पावडरचं पीठ होतं. तेव्हा बॉलवर व्हाइटबोर्डच्या मार्करने ठिपका काढा, ती बाजू फेसकडे ठेवून बॉल टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, ठेवा; शाई फेसवर उमटते. बॉल मात्र फडक्याने कोरडा पुसून घ्या.

काठी खोटं कशी बोलते

जमिनीवर ठेवायच्या काठ्या हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त चुकीचं वापरलं जाणारं साधन. विकत घ्यायची गरजही नाही. इलेक्ट्रिशियन भिंतीत वायर घालायला वापरतात तो २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप हार्डवेअरच्या दुकानातून आणा आणि सव्वा मीटरचे दोन तुकडे करा.

मी एक काठी पायाच्या बोटांना लावून, लक्ष्याला समांतर ठेवायचो. पाय सरळ, मी खूश. एकदा चेंबूरचा एक जुना कॅडी, म्हणजे बॅग वाहणारा मदतनीस, बरोबर होता. तिथल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या आजूबाजूच्या वस्त्यांतली मुलं सळई वाकवून तिचा क्लब करतात आणि प्लॅस्टिकच्या बॉलने गल्लीत खेळतात, त्या मुशीतून आलेला माणूस. त्याने काही न बोलता काठी उचलली आणि माझ्या छातीवर, दोन्ही खांद्यांना आडवी टेकवली. काठीचं टोक लक्ष्याच्या कितीतरी डावीकडे. "पाय बरोबर आहेत साहेब, पण मारणार खांदे आहेत," एवढंच म्हणाला.

कारण साधं होतं. स्लाइस वाचवायला मी बॉल डाव्या पायाच्याही पुढे ठेवू लागलो होतो. तिथपर्यंत हात न्यायचे तर खांदे उघडावेच लागतात. क्लब खांद्यांच्या दिशेने येतो, पायांच्या नाही. वर स्लाइस होतो म्हणून मी नजर आणखी डावीकडे लावायचो, खांदे आणखी उघडायचे, स्लाइस आणखी वाढायचा. जमिनीवरची काठी मात्र रोज सांगायची, सगळं ठीक आहे. म्हणून काठी एकदा पायांना आणि एकदा छातीला, दोन्हीकडे लावून बघा. ड्रायव्हर मारताना बॉल डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत, तिथून पुढे नाही.

हेड कव्हर, आणि शरीराची चलाखी

वाट दुरुस्त करायला मला शेवटी उपयोगी पडलं ते हेड कव्हर. बॉलच्या पलीकडे, म्हणजे तुमच्यापासून दूरच्या बाजूला, आणि जरा मागे, चारेक बोटं अंतर सोडून ठेवा. बाहेरून आत येणारा क्लब खाली येताना कव्हरला लागतो, आतून येणारा लागत नाही. वस्तू मऊच हवी. काही जण जमिनीत काठी तिरकी रोवून तिच्याखालून स्विंग करतात. रोवायचीच असेल तर एसीच्या तांब्याच्या पाइपवर घालतात ती काळी फोमची नळी तिच्यावर चढवा, नाहीतर मनगटाची काय दशा होईल ती मी पाहिली आहे. माझी नाही, मॅटवरच्या काकांची.

आता चलाखी. हेड कव्हर ठेवलं की शरीराला पहिल्या दहा बॉलांतच कळतं की इथे एक वस्तू आहे, तिला चुकवायचं आहे. ते बॉल मारणं सोडून वस्तू चुकवायला शिकतं. हात ओढून घेईल, वेग कमी करेल, मागच्या पायावर राहील, काहीही करेल, पण कव्हरला हात लावू देणार नाही. बॉल सरळ जातो आणि आपल्याला वाटतं स्विंग सुधारला. दुसऱ्या दिवशी वस्तू नसते, चुकवायला काहीच नसतं, आणि शरीर जुन्या घरी परत जातं. पाळण्याच्या कठड्याला धरून उभं राहणारं बाळ आणि चालणारं बाळ यांत जो फरक तोच हा.

काढायचं कसं

रेंजवर एका बादलीत ५० बॉल मिळतात असं धरा. पहिले दहा मी साधन ठेवून मारतो, पण निम्म्या वेगाने आणि सात नंबरच्या आयर्नने. पुढचे वीस असे: दोन साधनासह, एक साधनाशिवाय. साधनाशिवायचा जो बॉल असतो त्याच्या आधी मागे जाऊन उभा राहतो, लक्ष्य बघतो, परत येतो, म्हणजे कोर्सवर जसं करतो तसंच. तो बॉल मारल्यावर, कुठे गेला ते बघण्याआधी, मनात म्हणायचं: कव्हर असतं तर लागलं असतं की नाही? मग बघायचं. माझा अंदाज सुरुवातीला निम्म्या वेळा चुकायचा, आणि हेच खरं निदान होतं. साधनाशिवाय मला माझा क्लब कुठे आहे हेच कळत नव्हतं.

शेवटचे वीस साधनाशिवाय, आणि प्रत्येक वेळी क्लब बदलून. ड्रायव्हर, मग आठ नंबर, मग वेज, परत ड्रायव्हर. हे फार चिडचिडं होतं. त्याच क्लबने सलग वीस मारले की हात गरम होतो, लय लागते, आणि रेंजवर आपण राजे असतो. कोर्सवर सलग दोन ड्रायव्हर सहसा येत नाहीत. पहिले तीन आठवडे रेंजवरची माझी कामगिरी आधीपेक्षा वाईट दिसत होती आणि रविवारची सुधारत होती. शेजारचे काका मात्र बघायचे थांबले.

बाकीची साधनं, थोडक्यात

काखेतला टॉवेल. उजवा कोपर उडत असेल तर चांगला, पण फक्त अर्ध्या स्विंगला आणि छोट्या क्लबला. ड्रायव्हरच्या पूर्ण स्विंगमध्ये टॉवेल पडलाच पाहिजे. तो धरून ठेवायच्या नादात माझं वळणं निम्मं झालं होतं.

साच्याची ग्रिप, जिच्यात बोटं बसवायला खाचा असतात. हात बरोबर बसतात, पण साध्या गोल ग्रिपवर आलात की पुन्हा जैसे थे. त्यापेक्षा जुन्या हातमोज्यावर पेनाने रेघ मारा: साच्यात हात बसवून, ग्रिपची मधली रेषा मोज्यावर जिथे येते तिथे. मग आपल्या क्लबवर ती रेघ जुळवायची. वरून बघताना डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी असलेल्या दोन ते तीन गाठी दिसल्या पाहिजेत. एकच दिसत असेल तर ग्रिप कमजोर आहे आणि फेस उघडा राहणारच.

पुढे वजन असलेला लवचीक दांडा तालासाठी छान, फेसबद्दल तो काहीही सांगत नाही. बिजागरी असलेला क्लब मी विकून टाकला. जड कडं क्लबला अडकवून फिरवण्याने स्लाइसचं काहीही होत नाही.

मारायची पिशवी, म्हणजे इम्पॅक्ट बॅग, विकत घेऊ नका. जाड गोणीत जुने कपडे ठासून भरा, तोंड शिवा. जुन्या आयर्नने हळू मारा आणि तिथेच थांबून फेस कुठे बघतोय ते पाहा. मी ती घराच्या कोपऱ्यात ठेवली होती. तीन दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या मावशी वर आल्या, "काय रे, कांडप सुरू केलंस का?" आता ती गच्चीवर असते, वॉचमनला विचारून.

आणि फॅन. मुंबईतल्या फ्लॅटची उंची साधारण नऊ फूट, फॅनची पाती त्याच्याही खाली. ड्रायव्हर पंचेचाळीस इंचांच्या आसपास आणि वर उचललेले हात. हिशोब मांडायची गरज नाही, पण मी तो फॅन चालू असताना मांडला. घरात फक्त आखूड क्लब, आणि फॅनच्या खाली नाही. बायकोने पाकिटातून परस्पर पैसे काढून नवीन पातं आणलं आणि पावती फ्रिजवर लावली, ती अजून आहे.

फोन मात्र खरं साधन आहे. स्लो मोशन लावा, सेकंदाला २४० फ्रेमवाला. मागून चित्रण करताना कॅमेरा हातांच्या उंचीवर आणि लक्ष्यरेषेला समांतर हवा. फोन जरा डावी-उजवीकडे सरकला की चांगली वाट वाईट दिसते आणि वाईट चांगली. दर वेळी एकाच जागेवरून चित्रण करा, नाहीतर दोन आठवड्यांची तुलनाच होत नाही.

जून ते सप्टेंबर

याबद्दल कुणी फारसं बोलत नाही म्हणून जरा सांगतो. माझा स्लाइस जूनमध्ये वाढायचा. मी स्विंग तपासत बसायचो. दोष ग्रिपमध्ये होता, म्हणजे पकडीत नाही, क्लबच्या मुठीवरच्या रबराच्या ग्रिपमध्ये. घाम, दमट हवा, सनस्क्रीन, सगळं तिच्यावर साचून ती गुळगुळीत झाली होती. क्लब निसटतोय असं वाटलं की आपण आवळून धरतो. आवळलं की मनगटं आणि हात ताठ होतात, फेस वेळेत वळत नाही, उघडा राहतो. यावर कुठलंही साधन चालणार नाही.

कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून ग्रिप जुन्या टूथब्रशने घासा, पुसा, सावलीत वाळवा. तरीही चकाकत असेल तर बदला. चामड्याचा मोजा पावसाळ्यात दोन फेऱ्यांत पापड होतो. ओला झाल्यावर पकड वाढते असे पावसाळी मोजे मिळतात, जोडीने घालायचे. बॅगेत कोरडा टॉवेल छत्रीच्या आत लटकवा, बाहेर नाही.

एक नियमाची गोष्ट

क्लबच्या स्पर्धेत खेळत असाल तर फेरी चालू असताना काठी, वजनाचं कडं किंवा असलं सरावाचं साधन वापरून स्विंग करता येत नाही. नियम ४.३. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) पहिल्या चुकीला दोन स्ट्रोकचा दंड, दुसऱ्यांदा झालं तर बाद. बॅगेत ठेवायला हरकत नाही. दिशा बघायला काठी पायाशी ठेवणंही चालत नाही. म्हणजे ज्या आधारावर रेंजवर सगळं उभं असतं, तो पहिल्या टीला कायद्यानेच काढून घेतला जातो.

एवढं करूनही उजवीकडेच जात असेल, तर पाच बॉलांचे पावडरचे डाग आणि मागून-पुढून दोन व्हिडिओ घेऊन शिक्षकाकडे जा. त्यांचे पाच प्रश्न वाचतात. आणि कंबरेत किंवा डाव्या मनगटात दुखू लागलं तर साधन आधी बंद, शिक्षक नंतर.

मागच्या रविवारी खारघरला चौदा वेळा ड्रायव्हर मारला. तीन वेळा उजवीकडे गेला, त्यातला एक नेहमीच्याच गवतात. घरी येऊन फेस बघितला तर पावडरचा शेवटचा डाग अजूनही मध्याच्या अर्धं बोट हीलकडेच होता. पीव्हीसीचा एक पाइप आता गॅलरीतल्या कारल्याच्या वेलाला आधार म्हणून लावलाय. शनिवारी तो काढता येत नाही, वेल वर चढला आहे. रेंजवर एकाच काठीने भागतं.